राजा भुंकतो त्याआधीचे चार सेकंद

नमस्कार काका,

तुमचं पत्र आणि तिन्ही व्हिडिओ मिळाले. इतरांनाही उपयोग होईल म्हणून तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडते. राजा साडेतीन वर्षांचा, गावठी आणि लॅब्रॅडॉर यांची सरमिसळ. पहिली दोन वर्षं ठाण्याच्या फ्लॅटमध्ये वाढला, मग तुम्ही निवृत्त होऊन गुहागर तालुक्यातल्या मूळ घरी आलात तेव्हा तुमच्याबरोबर आला. घरात गुणी, नातीच्या मांडीवर डोकं ठेवून झोपतो. पण पट्टा लावून बाहेर काढला की समोरच्या कुत्र्यावर आणि मोटारसायकलवर झेप घेतो. पाहुणे आले की उड्या, गणपतीत तर आत्याबाईंना पाडलंच. ऑक्टोबरच्या गडगडाटात मागीलदाराची फळी कुरतडून तोंड रक्ताळून घेतलं. कोणी सांगतं आतून काटे असलेला पट्टा घाला, कोणी सांगतं रात्री खळ्यात, म्हणजे अंगणात, बांधा म्हणजे मस्ती जिरेल. आणि तुमचा प्रश्न, "हा आमच्यावर वरचढ होऊ बघतोय का?"

नाही. हे आधीच सांगून टाकते, कारण ती शंका डोक्यात राहिली तर पुढचं काही नीट होणार नाही. 'अल्फा', कळपाचा म्होरक्या वगैरे जे बोललं जातं, त्याचं मूळ रुडॉल्फ शेंकेल या अभ्यासकाने लांडग्यांबद्दल १९४७ साली मांडलेल्या निरीक्षणांत आहे. ते लांडगे प्राणिसंग्रहालयातले, कोंडलेले होते. पुढे हा शब्द ज्यांच्या लिखाणामुळे सगळीकडे पोचला त्या लांडग्यांच्या अभ्यासक डेव्हिड मीच यांनीच १९९९ साली लिहिलं, की रानातला कळप म्हणजे साधं कुटुंब असतं, आईबाप आणि त्यांची पिल्लं. तिथे गादीसाठी रोज मारामारी चालत नाही. आणि लांडग्याचं काही असो, राजा आत्याबाईंवर उडी मारतो ती राज्य घ्यायला नव्हे, तोंड चाटायला.

आता पहिला व्हिडिओ. तुम्ही लिहिलंय, "चांगला चालत असतो आणि अचानक पिसाळल्यासारखा करतो." मी तो गती कमी करून सात-आठ वेळा पाहिला. तुम्ही पाखाडी, म्हणजे ती पायऱ्यांची अरुंद वाट, उतरताय, दोन्हीकडे चिऱ्याचे गडगे, दगडी कुंपणं, छातीइतकी उंच. नवव्या सेकंदाला राजाचं तोंड मिटतं, तोवर जीभ बाहेर होती. दहाव्याला तो थबकतो, पुढचा उजवा पाय अर्धा उचललेला, कान पुढे, शेपूट ताठ. अकराव्याला जिभेने नाक चाटतो आणि मान वळवून एकदा तुमच्याकडे बघतो. इथे व्हिडिओ थांबवा आणि काकूंनाही दाखवा. तुमचं लक्ष समोर, कारण तो तपकिरी कुत्रा तुम्हालाही दिसलाय. बाराव्या सेकंदाला तुमचा हात पट्ट्याचे दोन वेढे मनगटाला घेतो. तेराव्याला भुंकणं सुरू.

म्हणजे अचानक काही झालेलं नाही. चार सेकंद तो सांगत होता, आणि त्यातल्या एका सेकंदाला तर त्याने थेट तुम्हालाच विचारलं. उत्तर म्हणून त्याच्या गळ्याला फास बसला. पट्टा आखडला की त्याला कळतं, मालकालाही समोरचं लक्षण बरं दिसत नाहीये.

दोन मोकळे कुत्रे भेटतात तेव्हा सरळ नाकासमोर चालून येत नाहीत. कमानीसारखं वळण घेतात, जमीन हुंगतात, नजर वळवतात, मग मागून वास घेतात. पाखाडीत हे सगळं अशक्य. डावीकडे गडगा, उजवीकडे गडगा, मागे तुम्ही, पुढे तो. पळता येत नाही, वळता येत नाही, मग उरतं काय? आरडाओरडा करून समोरच्याला घालवणं. आणि समोरचा जातोच, त्याला त्याच्या वाटेने जायचंच असतं. मोटारसायकलचं तर विचारू नका. ती थांबायला आलेलीच नसते. पण राजाच्या हिशेबात तो भुंकला आणि ती पळाली. दीड वर्षात असे किती विजय त्याच्या खात्यात जमा झाले असतील!

ठाण्यात लिफ्ट होती, तिथे असं नव्हतं का, हा तुमचा उपप्रश्न. तिथे तो पिल्लू होता, आणि जन्मल्यापासून साधारण तिसऱ्या ते बाराव्या-चौदाव्या आठवड्यापर्यंत जे दिसतं, ऐकू येतं, ते पिल्लाला 'जगात असतंच' म्हणून पचतं. राजाने लिफ्ट, हॉर्न, शाळेची बस पचवली. रानातून येणारा डुकराचा वास, माडावरून झाप पडल्याचा आवाज, पाखाडीतले रिकामटेकडे कुत्रे हे त्याने मोठेपणी पहिल्यांदा पाहिलं. कोकणातल्या मोकळ्या हवेत कुत्रा आपोआप शांत होतो असं मुंबईकरांना वाटतं. बऱ्याचदा उलट होतं.

काट्यांच्या पट्ट्याबद्दल. मी एकवीस वर्षं कुत्र्यांना शिकवायचं काम करते आणि पहिली चार-पाच वर्षं मीही साखळीला झटका देऊनच शिकवत होते, कारण मला तसंच शिकवलं होतं. दापोलीजवळच्या एका घरातला जर्मन शेफर्ड मुलं जवळ आली की गुरगुरायचा. मी झटक्याने ते गुरगुरणं तीन आठवड्यांत बंद केलं. घरचे खूश, मीही खूश. दीड महिन्याने त्याने शेजारच्या मुलाच्या दंडाचा चावा घेतला. घरचे म्हणाले, "ताई, आवाजसुद्धा केला नाही हो त्याने." कसा करणार? आवाज करायचा नाही हे मीच शिकवलं होतं. मुलांची धास्ती मात्र होती तशीच राहिली, उलट मूल दिसलं की गळ्याला कळ येते हे त्यात जमा झालं. इवान पाव्हलॉव्ह यांच्या कुत्र्यांची लाळ जशी खाण्याआधीच्या खुणेवर सुटायची, तशी याची भीती मुलाच्या नुसत्या दिसण्यावर सुटू लागली. त्यामुळे काटे नकोत, झटका नको, आणि राजा गुरगुरला तर रागावू नका. गुरगुरला म्हणजे अजून बोलतोय.

मग करायचं काय? पहिलं औषध अंतर. दुसरं त्या अंतरावर मिळणारा खाऊ. ही दोन्ही तुमच्या पाखाडीत मिळणार नाहीत, म्हणून पुढचे दोन महिने पाखाडी बंद. शी-शूसाठी आगरातच, घरालगतच्या बागेत, फिरवा आणि फिरायला खाली समुद्रावर न्या.

कोकणात आपल्याला हे एक वरदान आहे आणि फार थोडे लोक ते वापरतात. पुळणीवर, किनाऱ्याच्या मोकळ्या वाळूत, दोनशे मीटरवरचा कुत्रा दिसतो आणि बाजूला सरकायला हवी तेवढी जागा असते, पण ओहोटीला. तिथीला पाऊण पट केलं की भरतीची वेळ येते हा हिशेब तुमच्या गावच्या कोळ्यांना तोंडपाठ असेल. पौर्णिमा-अमावास्येला भरती बाराच्या आसपास, म्हणून ओहोटी सकाळ-संध्याकाळ सहाच्या सुमारास. पुढे रोज पाऊण तास उशिरा. म्हणजे पौर्णिमा-अमावास्या आणि त्यानंतरचे तीन-चार दिवस फिरायच्या वेळेला पुळण सगळ्यात रुंद असते. अष्टमीला उलट, सकाळी सहालाच भरती. अष्टमीच्या सुमाराची, भांगाची भरती पौर्णिमा-अमावास्येच्या उधाणाइतकी वर चढत नाही हे खरं, पण वाळूचा पट्टा अरुंदच उरतो आणि सगळे कुत्रे सुरूच्या झाडांच्या कडेने एका रांगेत येतात. त्या दिवशी घरीच थांबा. शनिवार-रविवारही सोडा, पर्यटकांची गर्दी आणि त्यांच्या खाण्यामागे फिरणारी टोळी दोन्ही टळतील.

गळ्यातला पट्टा नावाच्या बिल्ल्यापुरता ठेवा. चालवायला छातीवर वाय आकाराचा हार्नेस आणि त्याला मागून सहा-सात मीटरची दोरी. आपोआप गुंडाळणारा पट्टा नको, तो सतत ओढलेलाच राहतो. दोरी होडीच्या सामानाच्या दुकानातली चालेल, मात्र हाताला वेढा देऊ नका, राजाने झेप घेतली तर बोटं सोलून निघतील. खाऊ म्हणून बांगडा बिनमिठाचा उकडा, काटे अगदी निवडून काढा आणि नखाएवढे तुकडे करा. बांगडा नसेल तर कोंबडी. सुकट नको, फार खारट. बिस्किटं तर नकोतच, ती त्याला घरीही मिळतात.

पुळणीवर पोचलात की पहिली दहा मिनिटं काही शिकवू नका. हुंगू द्या. कुर्ल्यांची बिळं, वाहून आलेलं लाकूड, काय हवं ते. नाक जमिनीला लागलं की कुत्रा हळूहळू निवळतो, हे तुम्हाला त्याच्या खांद्यांवर दिसेल. मग लांबवर कुत्रा दिसला की थांबा. राजाने त्याच्याकडे पाहिलं की लगेच, हलक्या आवाजात, "हां". आणि तुकडा. पुन्हा पाहिलं, "हां", तुकडा. त्याने पाहायला हवं, ही अट आहे. त्याचं लक्ष दुसरीकडे वळवायला तोंडासमोर खाऊ नाचवायचा नाही. कुत्रा दिसतो म्हणून बांगडा येतो, हा क्रम त्याच्या डोक्यात बसला पाहिजे. कुत्रा नजरेआड झाला की खाऊ बंद.

अंतर बरोबर आहे की नाही हे तुमची बोटं सांगतील. तुकडा ओठांनी अलगद घेतला तर ठीक. दात लागले, हिसकावून घेतला, तर तुम्ही फार जवळ आहात. घेतलाच नाही, किंवा तोंडात घेऊन खाली टाकला, तर फारच जवळ. तेव्हा "चल" म्हणून हसतमुखाने वळा आणि वीस पावलं लांब जा. मी पैज लावते की राजाचं सुरुवातीचं अंतर साठ-सत्तर मीटरच्या आसपास निघेल आणि तुम्हाला ते हास्यास्पद वाटेल. वाटू द्या. तीन-चार आठवड्यांत एक दिवस असा येईल की तो लांबचा कुत्रा बघेल आणि भुंकण्याऐवजी मान वळवून तुमच्याकडे बघेल, "बांगडा?" पाखाडीत अकराव्या सेकंदाला बघितलं होतं, तसंच. त्यानंतर अंतर पाच-पाच मीटरने कमी करा. मोटारसायकलसाठी हीच रीत, रस्त्यापासून लांबच्या एखाद्या सड्यावर, उघड्या कातळावर, उभं राहून.

मध्ये एखादा दिवस बिघडेल. सकाळी कुत्रा अंगावर आला, दुपारी गॅसवाला आला, संध्याकाळी वाडीत लग्नाचा बाजा वाजला, की रात्री पाल पडली तरी राजा भुंकेल. ताण पातेल्यात साचतो तसा साचतो आणि शेवटच्या थेंबाला आपण दोष देतो. मोठा प्रसंग झाला की पुढचे दोन दिवस समुद्रही नको. आगरात वाळका पाला पसरून त्यात त्याचं जेवण लपवा आणि शोधू द्या.

दुसऱ्या व्हिडिओतला कुत्रा तुमच्या पुतण्याचा ना? तिथे राजा भुंकतोय तोच आवाज काढून, पण अंग सैल आहे, मागचा भाग हलतोय आणि मध्येच कुईकुई आहे. तिथे त्याला 'दूर हो' म्हणायचं नाहीये, 'मला सोडा, मला जायचंय' म्हणायचंय. बाहेरून दोन्ही सारखंच दिसतं. सुरुवात तीच, अंतराची. पण या ओळखीच्या कुत्र्याशी पुढे समांतर चालवून, मग मोकळं सोडून भेट घडवता येईल. तपकिरी कुत्र्याशी मैत्री व्हायलाच हवी असं काही नाही. तुमचंही वाडीत सगळ्यांशी पटत नसेल.

गडगडाटाचं कोकणातलं वेळापत्रक ठरलेलं आहे. वळीव मेच्या शेवटापासून जूनच्या पहिल्या सरींपर्यंत, आणि परतीचा पाऊस सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबर. जुलैत नुसती धार लागते, ढग फारसे वाजत नाहीत. त्यात गणपतीतले फटाके, दिवाळी आणि शिमग्याचे ढोल घाला. म्हणजे सरावाला खरी जागा नोव्हेंबर ते एप्रिल, तीही दिवाळी आणि शिमगा वगळून. फोनवर गडगडाटाचा आवाज अगदी बारीक लावा, इतका की राजाचा फक्त कान हलेल, आणि त्याबरोबर खाऊ. आवाज आठवड्याला किंचित वाढवा. तरी भाबडी आशा ठेवू नका. खऱ्या वादळात हवेचा दाब बदलतो, विजा चमकतात, मातीचा वास येतो, हे फोनमध्ये नाही. आणि आपल्याला वीस हजार हर्ट्झपर्यंत ऐकू येतं, तर कुत्र्याला साधारण पंचेचाळीस हजारांपर्यंत. त्याला काय काय ऐकू येतंय हे आपण कल्पनेनेच समजायचं.

वादळ आलंच तर त्याला माजघरात, खिडकी नसलेल्या कोपऱ्यात घोंगडी घालून जागा द्या. पंखा लावा, रेडिओ लावा. जवळ येऊन बसला तर थोपटा. थोपटल्याने भीती वाढते ही समजूत चुकीची आहे. भीती ही खोड नव्हे, की लाड केले तर बळावेल. दार मात्र बंद करून एकटं ठेवू नका, फळी त्याने रागाने कुरतडलेली नाही, बाहेर पडायला कुरतडली.

आणि इतकं तोंड फुटत असेल तर औषध लागेल असं माझं मत आहे. ते पशुवैद्यच देतील, मी नाही. त्यांना दोन वेगळ्या गोष्टी विचारा. वादळाच्या वेळेपुरतं द्यायचं औषध कोणतं, आणि एकूण धास्ती कमी करायला फ्लुओक्सेटीनसारखं रोजचं औषध हवं का. रोजच्या औषधाचा परिणाम दिसायला चार-सहा आठवडे जातात, तेव्हा वळवासाठी मार्च-एप्रिलमध्येच बोलणं झालेलं बरं. नुसतं ॲसेप्रोमॅझीन हे गुंगीचं औषध सुचवलं तर नम्रपणे विचारा, की याने तो फक्त निपचित पडेल की भीतीही जाईल. अंग लुळं आणि मन घाबरलेलंच, अशी अवस्था मी पाहिली आहे, ती बघवत नाही. आपल्या घरातली माणसांची गोळी कधीच द्यायची नाही.

तिकडे गेलातच आहात तर कान, दात, सांधे तपासून घ्या आणि रक्ताची तपासणी करा. आपल्याकडच्या दमट हवेत कानात बुरशी धरते, आणि गोचिडांमुळे येणारे ताप कधीकधी नुसत्या चिडचिडीने सुरू होतात. तिसऱ्या व्हिडिओत राजा दोनदा डावा कान खाजवतो. ज्याचा कान ठणकतोय तो कुत्रा ढोलाला जास्तच दचकेल. खच्चीकरण केलं की सगळं थांबेल असंही कोणी सांगेल. त्याची इतर कारणं योग्य असतील, पण भीतीवर तो उपाय नाही.

पाहुण्यांचं सोपं आहे, फक्त घरातल्या मोठ्यांना पटवणं अवघड. चाकरमानी येतात तेव्हा तीन माणसांच्या घरात दोन दिवसांत वीस माणसं होतात, आणि येणारा प्रत्येक जण राजाचं नाव जोरात घेतो. तो नाचणार नाही तर काय? कुंपणाचं बेडं (फाटक) वाजलं की राजाला मधल्या दाराच्या आत न्या. पडवीला लहान मुलांसाठी लावतात तसं लाकडी फाटक करून घ्या. फाटकाच्या आत मूठभर खाऊ जमिनीवर फेका. वीस मिनिटांनी, घर शांत झालं की पट्ट्यासकट बाहेर आणा. चारही पाय जमिनीवर असताना लाड, पुढचे दोन उचलले की माणसाने पाठ फिरवायची, गप्प. आत्याबाईंनी "हाड हाड" करत हात उडवायचे नाहीत, त्याला तो खेळ वाटतो. ऐकणार नसतील तर त्या असेपर्यंत राजा फाटकाच्या आत. मी इतक्या वर्षांत आत्यांना शिकवू शकलेले नाही.

रात्री खळ्यात बांधणं पूर्ण बंद, आजपासून. तुम्ही लिहिलंय की बांधल्यावर पहाटे तीनला वेड्यासारखा भुंकतो आणि सकाळी दमलेला असतो. काका, तुमच्या भागात बिबट्या आहे. बांधलेलं कुत्रं म्हणजे त्याला वाढलेलं ताट. राजाला त्याचा वास येत असणार आणि साखळीमुळे हलता येत नसणार. यापेक्षा मोठी धास्ती कुठली द्यायची राहिली? रात्रभर असा ताणलेला कुत्रा सकाळी पाखाडीत शांत राहील कसा? प्राण्यांवरील क्रूरतेविरुद्धच्या १९६० च्या कायद्यातही, कलम ११ मध्ये, कुत्र्याला कायम साखळीला ठेवून त्याला फिरवायचं टाळणं हा गुन्हाच आहे. त्याला ओटीवरही नको, आत झोपवा.

एक गोष्ट घाईत राहू नये. राजाची रेबीजची लस दरवर्षी होते ना? कधी कोणाला दात लागले, अगदी ओरखडा असला तरी, जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात न्या. हळद, चुना, कॉफी काही लावू नका. लशीचे सगळे डोस पूर्ण करा, आणि चावणाऱ्या कुत्र्यावर दहा दिवस नजर ठेवा. गावातल्या एखाद्या बिनलशीच्या कुत्र्याचं वागणं एकाएकी बदललं तर तिथे माझं शास्त्र लावू नका, लांब राहा आणि पशुवैद्यांना कळवा.

पुढच्या पौर्णिमेपासून सुरुवात करा. पहिले पाच दिवस फक्त एक वही: तारीख, समोर काय दिसलं, किती पावलांवर तोंड मिटलं, तुकडा कसा घेतला. व्हिडिओ काकूंना काढायला सांगा, मागून, राजाचं शेपूट आणि तुमचा पट्टा धरलेला हात दोन्ही दिसतील असा. अमावास्येला मी धोपाव्याच्या फेरीबोटीने पलीकडे येतेच आहे, तेव्हा सकाळी सहाला पुळणीवर भेटू. बांगडा तुम्ही आणा.